पाचशे चौसष्ट महिने

भिकाजी सारंगाच्या होडीत
माझी जागा ठरलेली, मधोमध.
"बाय, तू मदी बस गो," म्हणतो.
मनात काही नसतं त्याच्या.
तांदळाची पोतीही तो तिथेच ठेवतो.

खाडीपलीकडे माझी अंगणवाडी.
महिन्याच्या पहिल्या मंगळवारी
वाशाला काटा टांगून मी पोरांची वजनं घेते.
झोळीत पाय झाडणारं एकेक पोर,
काटा थरथरतो, थांबतो,
मी आकडा मोठ्याने वाचते
आणि आया माझ्या तोंडाकडे बघत राहतात.
दुर्वा तांडेल, आठ किलो शंभर.
मागच्या खेपेला नुसती आठ होती.
शंभर ग्रॅम! तिच्या आईला म्हटलं,
अगं, शंभर ग्रॅम म्हणजे काय थोडे झाले?
एक बांगडा भरतो तेवढ्याचा.
रोज थोडं भरव. महिन्यानं ये. घाबरू नको.

हे सगळं मी बाकावर बसून बोलले
आणि उठताना टेबल धरावं लागलं.

बर्फाच्या कारखान्यामागे
जमिनीलगतचा मोठा काटा आहे, सुरमईच्या टोपल्यांचा.
दुपारी कोणी नसताना चढले.
चप्पल काढली, मग बांगड्याही काढल्या.
शहाऐंशी किलो चारशे.
साक्षीला एक मांजर होतं,
ते आपलं पाय चाटत बसलं.

रजिस्टरच्या शेवटच्या पानावर लिहिलं:
लाभार्थीचे नाव, सुमित्रा वासुदेव कांदळगावकर.
वय त्या रकान्यात महिन्यांत मागतात.
हिशेब केला. पाचशे चौसष्ट.
शेऱ्याचा रकाना कोरा सोडला.

चालायचं ठरवलं तर इथे घड्याळ कामाचं नाही.
पुळण पायाला घट्ट लागते ती ओहोटीला,
आणि ओहोटी रोज पाऊण तास उशिरा.
पौर्णिमेला उजाडता उजाडता,
चौथीला ऐन अंगणवाडीच्या वेळेला,
अष्टमीला भर दुपारी, टाळूवर ऊन.
पहिल्या पंधरवड्यात सात दिवस गेले,
उरलेले आठ समुद्राच्या नावावर टाकले.
मग ठरवलं, पाणी असेल तर सडा आहे,
सड्यावर ऊन असेल तर
मागच्या दारापासून विहिरीपर्यंत चाळीस खेपा.
शेजारीण कुंपणावरून विचारी,
"काय हरवला काय गो?"

गणपतीत मोदक किती झाले ते मोजलं नाही,
तूप तेवढं आठवतं.
पुढे जत्रेतलं खाजं आणलं मुलासाठी.
मुलगा रत्नागिरीला असतो.
सातशे ग्रॅम वाढले.
रजिस्टर उघडून बसले, पान फाडावंसं वाटलं.
पण श्रावणात दुर्वा तापाने तीनशे उतरली होती,
तेव्हा तिचं पान मी फाडलं होतं काय?
तेच वाक्य स्वतःला म्हणून बघितलं,
मोठ्याने, रिकाम्या स्वयंपाकघरात:
महिन्यानं ये. घाबरू नको.
जरा खोटं वाटलं.
तरी सकाळी चप्पल पायात गेली.

पेज तीच आहे, वाटी लहान केली.
मासा आहेच, तो कोण सोडणार.
गुडघे अजून बोलतात, पण हळू आवाजात.
परवा टेबल न धरता उठले
आणि कशासाठी उठले होते तेच विसरले.

आता ब्याऐंशीच्या जरा खाली.
कोणाला दिसत नाही. दुर्वाच्या आईलाही नाही,
तिची नजर झोळीवर.

गेल्या आठवड्यात होडीत मधे
कोणाचा तरी नवा फ्रिज उभा होता, दोरीने बांधलेला.
"आज तू नाळीर बस, बाय," भिकाजी म्हणाला.
सोळा वर्षांत पहिल्यांदा मी पुढे बसले.
वारा थेट तोंडावर,
पाणी माझ्या पायांखाली दोन्हीकडे फाटत जाणारं.
होडी कलली नाही. मी लक्ष ठेवून होते.

काल फ्रिज नव्हता.
मी आपणहून मधे जाऊन बसले,
बोटांवर तिथी मोजत,
उद्या पुळण किती वाजता मोकळी होते ते बघत.